मालमत्ता क्रमांक ४१७ची रजा

"जसंच्या तसं नेशील त आग लावशील, बापू. वाटेत थोडं गार करत जाय."

वच्छलाआत्याचा हा आवाज प्रेमदासच्या कानात चाळीस वर्षांपासून मुक्कामाला होता. आत्या सोयरिकी जुळवायची. गिरडच्या टेकडीभोवतीच्या सतरा गावांतली लग्नं तिच्या पायांनी जुळली आणि त्यातलं एकही मोडलं नाही. कारण मुलाकडच्यांनी जे म्हटलं ते तिने मुलीकडच्यांना कधी सांगितलंच नाही. 'पोरगी काळी आहे' असं इकडून निघालेलं वाक्य दोन कोसांवर पोचेपर्यंत 'पोरगी कामाची दिसते' असं होई. 'घर पडकं आहे' हे तिकडून निघालेलं परतताना 'घर हवेशीर आहे' होऊन येई. तुरीच्या धुऱ्यावरून चालताना ती स्वतःशीच गुणगुणायची:

सोयरिकीचा माणूस, दोन्ही गावचा उंबरा
कडू बांधे पदराशी, गोड सांगे घरोघरा

प्रेमदास तिचं बोट धरून चालायचा. पुढे बोट सुटलं, आत्या गेली, आवाज राहिला. त्या आवाजाच्या भरवशावर एका मोठ्या सहकारी संघाचं संगणकीय एकात्मीकरण नऊ वर्षं सुरळीत चाललं. याची नोंद कोणत्याही अहवालात नसल्यामुळे ती येथे घेणे क्रमप्राप्त आहे.

कपिला सहकारी कापूस व तेलप्रक्रिया संघाचे दोन कारखाने होते. देवळीला जिनिंग, जिथे कापसातून रुई वेगळी आणि सरकी वेगळी होई; आणि अठरा किलोमीटरवर, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला तेलगिरणी, जिथे त्या सरकीचं तेल निघे. जिनिंगचे व्यवस्थापक प्रभाकरराव, गिरणीचे व्यवस्थापक बंडूजी. दोघे सख्खे साडू, आणि दोघे एकमेकांशी बोलत नसत. पंचाण्णव साली संघाच्या तान्ह्या पोळ्यात, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या स्पर्धेत, प्रभाकरराव परीक्षक होते. बंडूजींच्या मुलीने, अंजूने आणलेल्या लाकडी बैलाच्या शिंगांवर बॅटरीचे दिवे लावलेले होते. प्रभाकररावांनी बैलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि 'सदर वस्तू बैल नसून यंत्र आहे' असा निर्णय देऊन त्याला स्पर्धेतून बाद केलं. त्या संध्याकाळपासून दोन घरांचं जाणंयेणं बंद झालं. दोघी बहिणी तेवढ्या माहेरी भेटत आणि नवऱ्यांचा विषय काढत नसत.

शहाण्णव साली संघाने संगणक घ्यायचा ठराव केला. ठरावात 'एक' हा शब्द लिहायचा राहून गेला, म्हणून दोन घेतले गेले. प्रभाकररावांनी नागपूरच्या कंपनीकडून 'धवल' नावाची प्रणाली आणली. हे कळताच बंडूजींनी नागपूर सोडून कुठलीही कंपनी चालेल अशी निविदा काढून 'स्नेह' नावाची प्रणाली आणली. दोन्ही प्रणाली आपापल्या मालकाच्या वळणावर गेल्या. प्रभाकररावांच्या मते कामाचा दिवस दुपारी चारला संपतो आणि चारनंतर होतं ते उद्याचं. म्हणून धवलची तारीख चारला बदले. बंडूजींचा दिवस पहाटे सहाच्या भोंग्याने उजाडे. म्हणून स्नेहची तारीख सहाला बदले. याचा परिणाम असा झाला, की देवळीहून बुधवारी निघालेली सरकी सिंदी मेघेला मंगळवारीच पोचू लागली. अठरा किलोमीटरला वजा एक दिवस. बंडूजींनी ही गिरणीची कार्यक्षमता म्हणून वार्षिक सभेत टाळ्या घेतल्या.

शिवाय धवल पोत्यांत मोजी आणि स्नेह क्विंटलमध्ये. धवलला वाटेत सांडलेली सरकी ठाऊक नव्हती, स्नेहला वाटेत गायींनी खाल्लेली. तरी दोन्ही संगणक आपापल्या खोलीत, गार हवेत, चपला बाहेर काढून आत येणाऱ्या माणसांच्या संगतीत सुखाने नांदत होते.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत वरून परिपत्रक आलं: सर्व संस्थांनी आपापल्या स्वतंत्र प्रणालींचे एकात्मीकरण करून तसे कळवावे. कळवण्याची मुदत एकात्मीकरणाच्या मुदतीच्या आधीची होती, त्यामुळे संघाने आधी कळवलं आणि मग समिती नेमली. समितीने पुण्याहून प्रफुल नावाचा अभियंता बोलावला. प्रफुल टाय लावून आला, चार महिने राहिला, आणि त्याने दोनशे पानांचा अहवाल दिला. त्याचा सारांश असा, की दोन्ही प्रणाली उत्तम आहेत. अडचण इतकीच की त्या दोन आहेत.

उपाय सोपा होता. दोघांमध्ये एक तार टाकायची. पण तार टाकायची म्हणजे तिला एका ठिकाणाहून सुरुवात करावी लागते, आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. तार देवळीहून सुरू झाली तर गिरणी ही शेपूट ठरते, असं बंडूजींचं म्हणणं. सिंदी मेघेहून सुरू झाली तर जिनिंग शेपूट ठरते, असं प्रभाकररावांचं. तारेला सुरुवात नसते, दोन टोकं असतात, हे प्रफुलने फळ्यावर काढून दाखवलं. समितीने ते मान्य केलं. परंतु ज्या कामाला सुरुवात नाही त्याचं भूमिपूजन कुठे करायचं, हा प्रश्न उरला. अखेर, तारेचा अंतिम निर्णय होईपर्यंत, पंधरा दिवसांकरिता, तात्पुरती व्यवस्था म्हणून प्रेमदासला मध्ये ठेवावं, असं ठरलं.

प्रेमदास तेव्हा जिनिंगच्या फाटकावर रोजंदारीने पोती मोजत असे. मॅट्रिक होता, टायपिंग येत होतं, आणि जुनी लुना होती. धवलमधून निघालेला कागद घ्यायचा, लुनावर बसायचं, सिंदी मेघेला जाऊन तेच आकडे स्नेहमध्ये टाकायचे, तिथला कागद घ्यायचा, परत यायचं. प्रफुलच्या अहवालात याला 'द्विमार्गी संवाहक दुवा' असं नाव होतं.

पहिल्या दिवशी त्याने आकडे जसेच्या तसे नेले. धवल म्हणत होता चारशे बारा, स्नेह म्हणत होता तीनशे एकोणनव्वद. स्नेहने लाल अक्षरात नकार दिला. बंडूजी म्हणाले, त्यांना सांगा, मोजता येत नसेल तर लग्नात अक्षता मोजायला बसा म्हणावं. प्रेमदासने तेही जसंच्या तसं नेलं. प्रभाकरराव म्हणाले, त्यांना सांगा, गिरणीतले उंदीर आधी मोजा. तिसऱ्या दिवशी फाटकं बंद व्हायची पाळी आली, आणि संध्याकाळी प्रेमदास वाटेतल्या सालोडजवळ कौशल्याबाईच्या चहाच्या टपरीवर, लिंबाच्या सावलीत, कागद मांडीवर घेऊन बसला. पंधरा दिवसांची रोजी तिसऱ्या दिवशीच जायची चिन्हं होती. लिंबोळ्या टपटप पडत होत्या. तेव्हा आत्याचा आवाज आला.

त्याने कौशल्याबाईकडून हिशेबाची पेन्सिल मागून घेतली आणि दोन्हीकडे लिहिलं: चारशे. ना इकडच्याला लागेल, ना तिकडच्याला झोंबेल असा, पोटात माया असलेला आकडा. सिंदी मेघेला जाऊन त्याने सांगितलं, की मोजणीत काही मदत लागली तर हक्कानं सांगा, असं प्रभाकरराव म्हणत होते. देवळीला येऊन सांगितलं, की बंडूजींनी तब्येतीची चौकशी केली. दोन्ही पडद्यांवर हिरव्या अक्षरात उमटलं: जुळले. आकडे जुळले म्हणजे ते खरे, अशी आपणा सर्वांचीच श्रद्धा असल्यामुळे सरकीकडे बघायला कोणी गेलं नाही. एकात्मीकरण यशस्वी झाल्याची कोनशिला महिनाभरात बसली. तीवर प्रेमदासचं नाव नव्हतं, तारेचं होतं.

पंधरा दिवस संपले तसे पुढचे पंधरा मंजूर झाले, आणि लेखाधिकाऱ्याने प्रश्न काढला की याला कोणत्या सदरात दाखवायचं. नोकरभरतीवर बंदी होती. यंत्रसामग्रीच्या खरेदीला मात्र अनुदान होतं. तेव्हा संघाने प्रेमदासला कायम केलं, पण यंत्रसामग्रीत. मालमत्ता नोंदवहीत तो चारशे सतरावर लागला: चारशे सोळा कूलर, चारशे अठरा लोखंडी कपाट. दरवर्षी मार्चमध्ये मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी व्हायची. तेव्हा तो कूलर आणि कपाटाच्या मध्ये सरळ उभा राही, आणि तपासनीस त्याच्या खिशावरचा पत्र्याचा बिल्ला वाचून खूण करून जाई.

"कूलरच्या मागं अन् कपाटाच्या पुढं," त्याची बायको सुलोचना म्हणाली. "मले आधी सांगतलं असतं त मी कपाटच केलं असतं. त्यात साड्या त राह्यल्या असत्या."

प्रणालीची काळजी मात्र संघाने कसोशीने घेतली. विषाणूंपासून संरक्षण या शीर्षाखाली त्याला दर जूनमध्ये काविळीचं इंजेक्शन दिलं जाई. क्षमतावाढ म्हणून दोन वेळा चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. स्मृतीची राखीव प्रत असावी म्हणून दर शनिवारी आस्थापना विभागातल्या देवकाबाई त्याच्यासमोर वही घेऊन बसत, आणि जे जे आठवतं ते त्याने सांगायचं, असा नियम होता. त्यात मुख्यतः रस्त्यातल्या खड्ड्यांची वाढ आणि कौशल्याबाईच्या म्हशीची तब्येत असे. त्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या इमारतींत कुलपात ठेवल्या जात, म्हणजे एक इमारत जळाली तरी म्हैस वाचावी. परजिल्ह्यांतून शिष्टमंडळं येत. दोन गावांतल्या दोन पडद्यांवर एकच आकडा बघून पाहुणे माना डोलवत. त्या वेळी प्रेमदासला मागच्या दाराने बाहेर बसवत, कारण दुवा हा दिसत नसला तरच चांगला समजला जातो. पंधरा दिवसांच्या व्यवस्थेवर देखरेख करायला प्रफुलही राहिला. वर्ध्यातच त्याचं लग्न झालं, पोट सुटलं, टाय सुटला.

अशी नऊ वर्षं गेली. प्रेमदासची मुलगी काजल डी.एड. झाली आणि पुलगावच्या धीरजशी तिचं लग्न ठरलं. तारीख बारा फेब्रुवारी दोन हजार सहा, रविवार, दुपारी साडेबारा. सिंदी मेघेचा हॉल तीनपर्यंत मिळाला होता. प्रेमदासने आयुष्यात पहिल्यांदा रजेचा अर्ज लिहिला. एक दिवस. कारण: मुलीचा मंगल परिणय, मला हजर राहायचे आहे.

देवकाबाईंनी अर्ज वाचला, हजेरीपट उलटापालटा केला आणि चष्म्यावरून बघत सांगितलं, की तुमचं नाव यात नाही. माणसाला रजा देता येते, मालमत्तेला देता येत नाही. चारशे अठराने कधी मागितली का?

प्रेमदास प्रभाकररावांकडे गेला. प्रभाकरराव माणूस म्हणून वाईट नव्हते. हंगामात होते इतकंच. फेब्रुवारीत जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागतात, अशा वेळी दुवा बंद ठेवता येत नाही, असं त्यांनी समजावलं. मग त्यांना एक उपाय सुचला.

"तुमच्यात मुहूर्त पाहत नाही ना, प्रेमदास? मग अडचण काय? मे महिन्यात कोणताही दिवस घ्या."

"मुहूर्त नाई पाहत साहेब," प्रेमदास म्हणाला. "पन हॉल पाह्यलेला आहे, आचारी सांगतलेला आहे, अन् पोरगी एकच आहे."

बंडूजींनीही तेच सांगितलं, फक्त मे ऐवजी जून म्हणाले, कारण मे प्रभाकररावांनी सुचवला होता. अखेर प्रफुलला दया आली. त्याचीही मुलगी आता बालवाडीत जात होती. त्याने दार लावून हळूच सांगितलं, की यंत्राला रजा नसली तरी नियोजित देखभाल असते. त्यासाठी बिघाडाचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र द्यायचा अधिकार देखभालीचं कंत्राट असलेल्या माणसाचा, आणि कंत्राट लुना दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचं होतं. मेकॅनिकने प्रेमदासला उन्हात उभं करून पाहिलं आणि लिहून दिलं: 'घटकामधून सतत बारीक आवाज येत आहे.' ते खरंच होतं. काजलचं ठरल्यापासून प्रेमदास दिवसभर काहीतरी गुणगुणत असायचा.

देखभाल रविवार, एक दिवस, मंजूर झाली. पण धवलचा रविवार शनिवारी दुपारी चारला लागून रविवारी चारला संपत होता, आणि स्नेहचा रविवारी पहाटे सहाला लागत होता. म्हणजे शनिवारी चारनंतर प्रेमदास देवळीपुरता बंद झाला, सिंदी मेघेपुरता चालूच राहिला. त्याने बोटं मोजून पाहिली. दोन्हीकडून एकदम सुटका रविवारी सहा ते चार. लग्न त्यात बसत होतं. तो घरी गेला आणि हळदीच्या हातांनी त्याने चहा घेतला.

बदली दुवा म्हणून शनिवारी चारला प्रफुल लुनावर बसला.

प्रफुल शिकलेला माणूस होता. त्याने वाटेत कुठेही न थांबता, एकही आकडा न बदलता, धवलमधली संपूर्ण शिल्लक स्नेहमध्ये नेऊन टाकली. नऊ वर्षांत दोन्ही प्रणाली पहिल्यांदाच एकमेकींशी खरं बोलल्या. दोघींमध्ये एकवीसशे क्विंटल सरकीचा फरक होता. रोज थोडा थोडा गार केलेला निखारा तो. तळाशी जागाच होता.

याची सोय अहवालाच्या परिशिष्ट 'ब'मध्ये होती. जो माल एका ठिकाणाहून निघाला आणि दुसऱ्या ठिकाणी पोचला नाही, तो वाटेत आहे असे समजावे. माल वाटेत आहे म्हणजे तो ट्रकमध्येच असणार, आणि ट्रकमध्ये आहे तर ट्रक हवा. संध्याकाळी सहाला धवलने आपण होऊन एकवीस ट्रकांचे गेटपास काढले. एकवीस रिकामे ट्रक काट्यावर चढले. पावतीवर छापून आलं: प्रत्यक्ष वजन शून्य, गृहीत वजन शंभर क्विंटल. मालाला दव लागू नये म्हणून वर ताडपत्र्या बांधल्या. माल जोखमीचा, म्हणून प्रत्येक ट्रकवर एक चौकीदार बसवला. आणि फरक सिंदी मेघेला निघाला.

गिरणीच्या फाटकावर स्नेहने त्यांना आत घेतलं नाही, कारण काट्यावर शून्य भरत होतं. ट्रक परत देवळीला आले. तिथे धवलने आत घेतलं नाही, कारण त्याच्या लेखी ते केव्हाच निघून गेले होते. ड्रायव्हरांनी विचारलं, करायचं काय. फाटकावरून उत्तर मिळालं, की तुम्ही वाटेत असणं अपेक्षित आहे. तेव्हा ते वाटेत राहिले. रात्रभर राहिले. रविवारी सकाळी एका ट्रकला कागदावर माल जास्त भरलाय म्हणून दंड झाला, आणि त्याने दंड भरला, कारण कागद त्याच्या हातात होता आणि ताडपत्री सोडून दाखवायची परवानगी चौकीदाराला नव्हती. अकरा वाजेपर्यंत हंगामातल्या कापसाच्या गाड्या, बाजाराच्या बसेस आणि एकवीस ट्रक फरक एकमेकांत असे अडकले की देवळीपासून सालोडपर्यंत रस्ता उभा राहिला.

पुलगावहून वर्ध्याला यायचा रस्ता देवळीवरून आहे. नवरदेवाची बस त्या रांगेत होती.

साडेबारा झाले. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या लावून झाल्या होत्या. भंतेजी शांत बसले होते. त्यांना चारला सेलूत दुसरं लग्न होतं. काजल पांढऱ्या साडीत, हातात फुलांचा हार घेऊन, दाराकडे पाठ करून बसली होती, कारण दाराकडे तोंड केलं की तिला रडू येई. एक वाजता मोटारसायकलवरून एक पाहुणा शेतातून वाट काढत आला. त्याने सांगितलं, की बस हलत नाही, पुढे ट्रक आहेत, ट्रकांत काहीच नाही, पण ते बाजूला घेता येत नाहीत. हॉलवाल्याने घड्याळ दाखवलं. तीनला दुसऱ्या पार्टीचे मंडपवाले येणार होते. सुलोचना आचाऱ्याकडून भाताची पातेली पुन्हा झाकून घेत होती.

दीड वाजता संघाचे अध्यक्ष अण्णाजी हॉलमध्ये आले. त्यांच्या उजवीकडे प्रभाकरराव, डावीकडे बंडूजी, मागे घामाने निथळणारा प्रफुल. आहेराचं पाकीट कोणाच्याच हातात नव्हतं. अण्णाजींनी प्रेमदासला बाजूला घेतलं आणि परिस्थिती मांडली. ट्रक रद्द करायचे दोनच मार्ग होते. एक, दोन्ही व्यवस्थापकांनी एकाच कागदावर, एकमेकांच्या उपस्थितीत, एकाच वेळी सही करणे. हा मार्ग परिशिष्टात असला तरी व्यवहार्य नव्हता. दुसरा, आकडे पूर्वीसारखे जुळवणे.

"तुम्ही फक्त दोन तास चालू व्हा, प्रेमदासजी," अण्णाजी म्हणाले. "देवळी, सिंदी मेघे, झालं. रस्ता मोकळा होईल, नवरदेव येईल. लग्न तर तुमच्या पोरीचं आहे. तुम्ही नसलात म्हणून थांबत नाही."

प्रेमदासने दोन्ही साडूंकडे पाहिलं. दोघांमध्ये तीन खुर्च्यांचं अंतर होतं.

"यांना सांगा," प्रभाकरराव प्रेमदासला म्हणाले, "की खोटी शिल्लक दाखवायची सवय कोणाची ते आज कळलं."

प्रेमदास सवयीने तीन खुर्च्या चालत गेला. "प्रभाकरराव म्हणतात, आज आले ते बरं झालं."

"त्यांना सांगा," बंडूजी म्हणाले, "की ज्याला बैल ओळखता येत नाही त्याने सरकीत बोलू नये."

प्रेमदास तीन खुर्च्या परत आला. "बंडूजी म्हणतात, तुमचा अनुभव मोठा आहे."

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून हे पाहत होत्या. अण्णाजींनी लुनाची किल्ली पुढे केली. प्रफुल म्हणाला, की सर, मी पेट्रोल भरून आणलंय. प्रेमदासने किल्ली हातात घेतली. ती घ्यायची नऊ वर्षांची सवय होती. हात आपोआप पुढे झाला.

"बाबा," काजल म्हणाली. ती उठून मागे येऊन उभी होती, हार तसाच हातात. "तुमी जाता का?"

प्रेमदास थांबला. त्याने किल्लीकडे पाहिलं, मग पोरीकडे. मग किल्ली त्याने मधल्या खुर्चीवर ठेवली, ना इकडे ना तिकडे, आणि खाली बसला. नऊ वर्षांत तो या साहेबांसमोर कधी बसला नव्हता.

"नाई जात," तो म्हणाला. "जाची गरज नाई. सही करनारे दोघंबी इथंच आहेत. बंडूजी, तुमी इकडे पाहा. सत्त्याण्णवच्या दिवाळीच्या आंधी तुमच्या साडूनं माह्याजवळ एक निरोप देल्ता. लिहून नाई, तोंडी. म्हणे, त्याले सांगजो, माहं चुकलं. पाडव्याच्या फराळाले दोघं जनं घरी या."

बंडूजींनी प्रभाकररावांकडे पाहिलं. प्रभाकरराव जमिनीकडे पाहत होते.

"मी लुना घेऊन निघालो. सालोडपर्यंत आलो अन् चहा घेत बसलो. त्याच आठवड्यात मले कायम कराचा कागद निघनार होता. काजल तवा सातवीत होती. मी म्हटलं, हे दोघं बोलाले लागले त मधातला मानूस कोनाले पाहिजे? तुमचं वाईट ते मी नऊ वर्षं गोड करून नेलं, पन जे एकच गोड होतं ते मी नेलंच नाई. ठेवून घेतलं."

"मी त्या पाडव्याला संध्याकाळपर्यंत दार लावलं नव्हतं," प्रभाकरराव म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही, कारण या वेळी त्यांनी 'त्यांना सांगा' म्हटलं नव्हतं.

बंडूजींचा चेहरा लाल झाला. ते प्रेमदासवर धावूनच आले. "नऊ वर्षं तू आमचा निरोप दाबून ठेवला? नऊ वर्षं आमच्या बायका चोरून भेटून राह्यल्या, आमची पोरं एकमेकांले ओळखत नाई, अन् तू रोज सकाळी समोर उभा राहून नमस्कार करत होता?"

"करत होतो, साहेब. माहं चुकलं ते चुकलं; उद्या मले भंगारात काढा, मी बिल्ला इथंच ठेवतो." प्रेमदासने खिशावरचा पत्रा काढून किल्लीजवळ ठेवला. मग त्याने मान वर केली, आणि तो दोघांकडे पाहून बोलला की हॉलभर बसलेल्या सगळ्यांकडे, ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. "पन निरोप पोचला का, येवढं तुमच्यातल्या एकानं तरी एकमेकाले विचाराचं होतं. फोन त दोघांच्याबी टेबलावर होता. आता त खिशातबी आहे."